श्रीलंकेच्या हर्मीस रेकवर (बुडालेल्या जहाजावर) जायचंय, ५३ मीटर खोल आहे, सुरुवात कुठून करू?

पुण्याचा_डायव्हर:

नमस्कार मंडळी, तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये, मग हॅवलॉकला जाऊन ओपन वॉटर आणि अॅडव्हान्स्ड हे दोन्ही डायव्हिंगचे कोर्स केले, नेत्राणी पण झालं, आता डोक्यात एकच गोष्ट घोळतेय ती म्हणजे बट्टिकलोआची एचएमएस हर्मीस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुद्दाम विमानवाहू म्हणूनच आराखडा काढून बांधायला घेतलेलं जगातलं पहिलं जहाज. ९ एप्रिल १९४२ ला जपानी डाइव्ह बॉम्बर विमानांनी बुडवलं, त्या दिवशी जहाजावर स्वतःचं एकही विमान नव्हतं, ३०७ माणसं गेली. माझे आजोबा त्या काळात रॉयल इंडियन नेव्हीत होते म्हणून घरात लहानपणापासून हे सगळं ऐकत आलोय.

तर प्रश्न असा की रेक साधारण ५३ मीटरवर आहे आणि माझं कार्ड ३० मीटरचं. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं की काही जण साध्या हवेवर, एका सिलिंडरवर जातात, खाली टेकतात, पाच मिनिटं बघतात आणि वर येतात, काही होत नाही. हे खरंय का? आणि नीट करायचं तर टेक्निकल डायव्हिंग म्हणतात ते नेमकं काय असतं, कुठला कोर्स कुठल्या क्रमाने करायचा? आणि शेवटचा प्रश्न, खाली एखादी पितळी वस्तू वगैरे मोकळी पडलेली दिसली तर आणता येते का? विकायला नाही हो, आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायला.

ट्रायमिक्स_काका:

प्रश्न विचारूनच उतरायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. मी बरीच वर्षं मध्यपूर्वेत कामाला आहे आणि खोल रेक हाच माझा जीव की प्राण, त्यामुळे जरा लांबण लावतो, वेळ काढून वाचा.

आधी त्या 'पाच मिनिटं बघून वर' चा हिशोब करू. दर १० मीटरला दाब एक बारने वाढतो, म्हणजे ५३ मीटरवर ६.३ बार. वर पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला २० लिटर हवा घेत असाल तर खाली तेच १२६ लिटर. भाड्याने मिळतो तो अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बार भरला तर २२०० लिटर. वाटतं की १७ मिनिटं पुरेल. आता समजा तळाशी तुमच्या बडीची, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदाराची, हवा बंद झाली. दोघं घाबरलेले, दोघं मिनिटाला ३० लिटर ओढतायत, आधी गडबड निस्तरायला दोन मिनिटं, त्यात साधारण ७५० लिटर गेले. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला सहा मिनिटं, त्यात साधारण १३०० लिटर. झाले की २०५०, आणि यात वाटेत थांबायचा एकही थांबा धरलेला नाही! म्हणजे बोटीवरून उडी मारता त्या क्षणीच अख्खा सिलिंडर राखीव म्हणून लागतो, रेक बघायला त्यात काहीच उरत नाही. 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांचं काही झालं नाही कारण त्या दिवशी काही बिघडलं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट नार्कोसिस. खोलीवर नायट्रोजन चढतो. ५३ मीटरवर साध्या हवेत नायट्रोजनचा दाब पाच बारच्या आसपास असतो. काहींना मस्त वाटतं, काहींना भीती वाटते, पण बहुतेकांचं डोकं फक्त मंद होतं आणि धोका तिथेच आहे, कारण मंद झालेल्या डोक्याला आपण मंद झालोय हे कळत नाही. प्रेशर गेज बघतो, आकडा दिसतो, त्याचा अर्थ लागत नाही, परत बघतो. वर आल्यावर माणूस छाती ठोकून सांगतो की मला काही झालं नव्हतं.

तिसरी गोष्ट जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, ती म्हणजे गॅसची घनता. हवा तिथे लिटरला ८ ग्रॅमच्या वर जाड झालेली असते. शिफारस आहे ५.२ ग्रॅमच्या आत राहायची आणि ६.२ च्या पुढे जाऊच नये अशी. जाड हवा फुप्फुसातून बाहेर ढकलायला कष्ट पडतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने दम लागतो, दम लागला की जोरात श्वास, की अजून साठतो, आणि नार्कोसिस दुप्पट. प्रवाहाविरुद्ध जरा फिन मारले की हे चक्र सुरू. म्हणून हेलियम. ट्रायमिक्स म्हणजे ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजन. १८/४५ मिश्रण घेतलं, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम, तर ५३ मीटरवर घनता ५ च्या आसपास येते आणि डोकं साधारण २५ मीटरवर असतं तितकं ताळ्यावर राहतं. हर्मीस बघायची तर अशी बघा, ३०७ माणसांची जागा आहे ती, तिथे शुद्धीत जायला हवं आणि परत आल्यावर काय पाहिलं ते आठवायला हवं.

आता वर येणं. खरं डायव्हिंग इथे आहे. खाली वीस-पंचवीस मिनिटं काढलीत तर वर यायला योजनेनुसार अर्धा-पाऊण तास लागतो. शरीरात विरघळलेला गॅस हळूहळू फुप्फुसातून निघून जायला वेळ द्यायचा, घाई केली की तो तिथल्या तिथे बुडबुडे होतो. हे थांबे लवकर उरकावेत म्हणून अंगाला दोन वेगळे सिलिंडर अडकवलेले असतात, एकात ५० टक्के ऑक्सिजन, तो २१ मीटरपासून वर वापरायचा, दुसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन, तो फक्त ६ मीटर आणि वर. आणि हेच सिलिंडर चुकीच्या खोलीवर तोंडात गेले तर जीव घेतात. ५० टक्केवाला ५३ मीटरवर ओढला तर ऑक्सिजनचा दाब ३ बारच्या वर जातो, मर्यादा १.६ ची आहे, झटका येतो, रेग्युलेटर तोंडातून सुटतो, संपलं. म्हणून गॅस बदलताना आम्ही दर वेळी अगदी तेच करतो: थांबायचं, खोली बघायची, सिलिंडरवर मोठ्या आकड्यात लिहिलेली कमाल खोली बडीला दाखवायची, बडी आधी आकडा वाचतो, मग होज त्या सिलिंडरपासून तुमच्या तोंडापर्यंत डोळ्यांनी माग काढत येतो, मग बोटांनी ओके, आणि मगच तोंडातला बदलायचा. हजारदा केलं असलं तरी हेच.

कोर्सचा क्रम: आधी नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा), डीप, रेस्क्यू. मग अॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डीकॉम्प्रेशन प्रोसीजर्स (म्हणजे थांबे घेत वर येणं, थोडक्यात डीको), टीडीआय या टेक्निकल डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेकडे हे ४५ मीटरपर्यंत आहे. त्यानंतर नॉर्मॉक्सिक ट्रायमिक्स, ६० मीटरपर्यंत. हर्मीस या शेवटच्या पायरीवर बसते. मधल्या काळात नुसतं डायव्हिंग करत राहायचं, ते कुठल्या कार्डाने मिळत नाही.

निवतीचो_गाइड:

काकांनी गॅसचा सगळा सांगितला, मी पाण्याचा सांगतंय. मी मालवण-निवती पट्ट्यात गाइड म्हणून काम करतंय. बाबा, तुका ६ मीटरवर दहा मिनिटं एका जाग्यावर लटकूक येता काय, हात न हलवता, दोरी न धरता? येत नसात तर खोलाची गोष्ट नंतर.

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. डीको थांब्यावर माणूस अर्धा मीटर वर अर्धा मीटर खाली होत राहिला तर सगळी योजना बिघडते, आणि वर काही झालं तर सरळ पृष्ठभागावर येता येत नाही ही गोष्ट डोक्यात पक्की बसायला लागते. आमच्याकडे पावसाळ्याआधी पाणी गढूळ होतं, चार मीटरवर आपला हात दिसत नाही, अशा पाण्यात बुओयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं, पक्की कर, मास्क काढून घालायची सवय कर, डीएसएमबी म्हणजे तो लांबुडका नारिंगी फुगा डोळे मिटून सोडता आला पाहिजे. बोटवाल्याला तू कुठे आहेस हे त्या फुग्यावरूनच कळतं. हर्मीस उघड्या समुद्रात आहे, खाली शॉट लाइन, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडून तिच्यावरून उतरतात, प्रवाह असला की लाइनवर माणसं झेंड्यासारखी आडवी होतात. बट्टिकलोआचा सीझन साधारण एप्रिल ते सप्टेंबर, आपला इकडे बंद असतो तेव्हा तिकडे समुद्र शांत.

आणि रेकचीच हौस असेल तर आपल्याकडे आयएनएस गुलदार, नौदलाचं निवृत्त झालेलं जहाज, निवतीजवळ बुडवून कृत्रिम रीफ करायचं ठरलं होतं, त्यावर लक्ष ठेव.

सागरतळ_गोवा:

मी पुरातत्त्व शिकलेय, गोव्यात राहते, मला तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायची इच्छा मनापासून समजते, तरी उत्तर नाही असंच आहे, आणि नुसता नियम सांगून थांबत नाही, कारण सांगते.

१९८२ साली तुर्कीत स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने घरी येऊन सांगितलं की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडलीयत. ती होती तांब्याच्या लगडी, आणि ते निघालं उलुबुरूनचं जहाज, साधारण ३३०० वर्षांपूर्वी बुडालेलं. ४४ ते ६१ मीटर खोल उतारावर पसरलेलं. १९८४ ते १९९४ तिथे उत्खनन चाललं, एकूण २२,४१३ डाइव्ह झाले. का एवढे? कारण खाली एकेकाला एका वेळी वीसेक मिनिटंच मिळायची, आणि प्रत्येक वस्तू उचलायच्या आधी ती कुठे आहे, कुठल्या बाजूला कललीय, तिच्याखाली काय, वर काय, हे मोजून काढून ठेवायचं. दहा टन तांबं, एक टन कथील, म्हणजे बरोब्बर कांस्य बनवायचं प्रमाण. सोबत निळ्या काचेच्या लगडी, आफ्रिकेचं आबनूस, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, इजिप्तची राणी नेफरतितीचं नाव कोरलेला सोन्याचा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत. यातलं एकेक घेऊन कुणी घरी गेलं असतं तर आज आपल्याकडे एक सोन्याचा किडा असता, आणि ते जहाज कुठून कुठे काय घेऊन चाललं होतं हे कधीच कळलं नसतं.

आता मला अंगावर काटा आणणारी गोष्ट. आमच्या मुरगावजवळच्या सुंची रीफवर, जेमतेम काही मीटर पाण्यात, एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांना १७व्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज काळातलं जहाज सापडलं. तोफा, चिनी मातीची भांडी, आणि त्यातही हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात! मधे तीन हजार वर्षांचं अंतर, समुद्र वेगळे, आणि माल तोच. हे जोडता येतं कारण दोन्हीकडे माल जागेवर नोंदला गेला. दात कुणाच्या शोकेसमध्ये असते तर नुसते दात.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. समुद्रात वर्षानुवर्षं राहिलेल्या लोखंडात, लाकडात मीठ मुरलेलं असतं. बाहेर काढून वाळवलं की मीठ स्फटिक होऊन आतून फोडतं. लोखंडी गोळा काही महिन्यांत पापुद्रे सुटून भुगा होतो, लाकूड आक्रसून वेडंवाकडं होतं. स्वीडनने वासा जहाज १९६१ ला वर काढलं तर त्यावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकोल फवारत बसले होते. ते घरी कोण करणार?

आणि हर्मीस तर युद्धातली कबर आहे. जावा समुद्रात १९४२ साली बुडालेली डच युद्धनौका दे राउटर, जावा ही जहाजं २०१६ साली बघायला गेले तर जागेवर नव्हतीच, कोर्टेनारचाही मोठा भाग गायब, भंगारासाठी उचलून नेली, तळावर नुसते खड्डे. माणसांच्या हाडांसकट. त्या साखळीची पहिली कडी ती एकच पितळी वस्तू असते असं मला मनापासून वाटतं.

फोटो काढा. चांगले काढा, शेजारी मोजपट्टी दिसेल असे, कुठल्या बाजूने काढला ते लिहून ठेवा. आणि भारतात कधी काही जुनं दिसलं तर हात न लावता जागा नोंदवून एनआयओ किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांपेक्षा जुनी मानवनिर्मित वस्तू पुरावस्तू ठरते.

पुण्याचा_डायव्हर:

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. वस्तू उचलायचा विषय माझ्याकडून संपला, फोटोचं पटलं. अजून एक, ताईंनी स्पंजवाल्यांचं सांगितलं, ते लोक कुठलेही कोर्स न करता कसे जायचे एवढ्या खोल? आणि रीब्रीदर घ्यावा का सरळ?

ट्रायमिक्स_काका:

जायचे, आणि मरायचे, पांगळे व्हायचे. १९०० साली ग्रीसमध्ये सिमी बेटाच्या स्पंजवाल्यांना अँटिकिथेराचं रेक सापडलं, ४५-५० मीटरच्या पुढे. इलियास स्टाडियाटिस वर येऊन म्हणाला की खाली माणसांचे ढीग पडलेत, ते पुतळे होते. नंतर सरकारसाठी त्यांनी हेल्मेट घालून तिथून पुतळे काढले, त्यात एक जण गेला आणि दोघांना अर्धांगवायू झाला. जगप्रसिद्ध अँटिकिथेरा यंत्र, दात्यांच्या चाकांचं, तिथलंच.

हे सगळं १९०१ पर्यंतचं. आणि जॉन स्कॉट हाल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून थांबे घेत वर यायचे पहिले तक्ते छापले ते १९०८ साली. सात वर्षांचा फरक. त्या माणसांना कुणी सांगूच शकत नव्हतं की ६ मीटरवर थांबा रे. आज सांगता येतं, फोनवरच्या अॅपमध्ये आहे, तरी लोक एका सिलिंडरवर जातात याचा मला खरंच त्रास होतो. त्या प्रयोगांच्या काळात हाल्डेनने आपल्या १३ वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवलं होतं, तो पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला, जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ ला भारतात येऊन राहिला, इथलाच नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला.

रीब्रीदरबद्दल: तुमचा सोडलेला श्वास परत फिरवतो, कार्बन डायऑक्साइड स्क्रबरमध्ये शोषला जातो, लागेल तेवढाच ऑक्सिजन आत सोडला जातो. २०१४ पासून अँटिकिथेराला परत काम सुरू झालं त्यात रीब्रीदरवालेच उतरले, खाली जास्त वेळ मिळतो म्हणून, २०१६ ला तिथे माणसाचा सांगाडाही मिळाला. हेलियमही अगदी थोडं लागतं, आणि आपल्याकडे हेलियम महाग आहे हे लक्षात घ्या. पण ऑक्सिजन कमी झाला तर रीब्रीदर तुम्हाला काही न जाणवू देता बेशुद्ध करतो. सेन्सर बघत राहणं हा स्वभाव व्हायला लागतो. आधी ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवरच्या दोन जोडलेल्या सिलिंडरवर, डीको शिका.

डॉक्टर_पनवेल:

वैद्यकीय बाजूचं थोडक्यात. टेक्निकलकडे वळण्याआधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, दमा, हृदय, बीपी, सगळं. अनेकांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची बारीक फट राहिलेली असते, साधारण चारातल्या एकाला, तिला पीएफओ म्हणतात, त्यातून बुडबुडे सरळ धमन्यांकडे जाऊ शकतात. वर आल्यावर सांधा दुखणं, मुंग्या, अंगावर जांभळट चट्टे, लघवी न होणं, पाय जड होणं, यातलं काहीही झालं तरी 'थकवा असेल' म्हणून झोपू नका, लगेच १०० टक्के ऑक्सिजन आणि चेंबर (दाब वाढवून उपचार करतात ती बंद खोली). जवळचं चालू चेंबर कुठे आहे ते निघायच्या आधी फोन करून विचारा, बोटीवर ऑक्सिजन किट आहे का ते स्वतः उघडून बघा. डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा) विमा काढा. डीकोच्या डाइव्हनंतर निदान २४ तास विमान नाही, म्हणजे कोलंबोची फ्लाइट त्या हिशोबाने बुक करा. आणि पाणी प्या, उन्हात बोटीवर माणूस सुकतो.

पुण्याचा_डायव्हर:

ठरलं मग. या वर्षी नायट्रॉक्स आणि रेस्क्यू करतो, बुओयन्सीसाठी निवतीलाच येतो, दादा भेटूच. बट्टिकलोआला तोवर जाऊच नये का?

निवतीचो_गाइड:

ये रे, मेसेज कर. कॅमेरा पयल्या दिवसाक हॉटेलातच ठेव.

ट्रायमिक्स_काका:

जा की! तिथेच जवळ ब्रिटिश सार्जंट नावाचा टँकर आहे, त्याच दिवशी, ९ एप्रिल १९४२ लाच बुडवलेला, साधारण २४ मीटरवर. तुमच्या कार्डात बसतो, नायट्रॉक्सवर निवांत बघता येतो. त्याच बोटवाल्यांशी ओळख होईल, ट्विनसेट आणि ऑक्सिजन तिथे भाड्याने मिळतं का, हेलियम किती आधी सांगावं लागतं, लिटरचा भाव काय, हे सगळं समोरासमोर विचारून घ्या आणि इथे लिहा, आमच्यातल्या अजून दोघांना तिकडे जायचंय.